वानप्रस्थ म्हणजे विश्रांती नव्हे

पुण्यातल्या निवृत्त मंडळींत एक विचार हल्ली सर्रास ऐकू येतो. पस्तीस-चाळीस वर्षे नोकरी झाली, मुले मार्गी लागली. आता मुळशीपलीकडे, ताम्हिणीच्या बाजूला थोडी जागा घ्यावी, लहानसे घर बांधावे आणि डोंगर, पाऊस पाहत उरलेले दिवस शांतपणे काढावेत. समाजाचे पाहायला पुढची पिढी आहे. आपल्या पूर्वजांनी वानप्रस्थ सांगितला तो याचसाठी, असा शास्त्राधारही त्याला जोडला जातो.

या पूर्वपक्षात तथ्य अजिबात नाही असे नाही. खुर्ची न सोडणाऱ्या वडीलधाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी चांगल्या संस्था पोखरल्या आहेत. थकलेल्या माणसाला विसावा हवा, हेही खरे. माझा आक्षेप शास्त्राच्या नावाने जो निष्कर्ष काढला जातो त्याला आहे.

मनुस्मृतीचा सहावा अध्याय उघडून पाहावा. अंगावर सुरकुत्या, पिकलेले केस आणि नातवाचे तोंड दिसले की गृहस्थाने वनात जावे, एवढे सर्वांना ठाऊक असते. पुढचे फारसे कुणी सांगत नाही. वनात गेलेल्याने नांगरलेल्या जमिनीतले धान्य खायचे नाही, निवाऱ्याची ममता धरायची नाही. पंचमहायज्ञ मात्र सुटत नाहीत. स्वतः जे खाईल त्यातूनच भिक्षा घालायची, दारी आलेल्याचा सत्कार करायचा, अध्ययन चालू ठेवायचे. सतत द्यायचे, घ्यायचे नाही. म्हणजे सुटते ती मालकी, कर्तव्य नव्हे. आजच्या कल्पनेत नेमके उलटे होते: कर्तव्य सुटते आणि मालकीत एका सातबाऱ्याची भर पडते.

दुसरे असे की, धर्मनिबंधकारांनी वानप्रस्थाश्रमाची गणना कलिवर्ज्यांत केली, म्हणजे या युगात तो घेऊच नये असे ठरवले. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात कलिवर्ज्यांची सविस्तर चर्चा केली आहे. त्या ग्रंथाचा पहिला खंड १९३० साली निघाला आणि शेवटचा १९६२ साली, काणे ८२ वर्षांचे असताना. ज्या परंपरेच्या नावाने हात जोडून बसायचे, तिचा सर्वांत मोठा अभ्यासक स्वतः असा बसला नाही.

निवृत्तीचे वय ही आयुष्याची अवस्था नाही, प्रशासनाची सोय आहे. केंद्र सरकारी नोकराचे ते वय १९६२ साली ५५ वरून ५८ झाले आणि १९९८ साली ६०. सरकारी आदेशाने पुढे-मागे सरकणाऱ्या तारखेला आश्रमधर्माचे वजन कसे देणार?

धोंडो केशव कर्वे १९१४ साली फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले. महिला विद्यापीठ उभे राहिले १९१६ साली, तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. आज बहुतेक राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना ज्या वयात निरोप-समारंभाचा नारळ मिळतो, तेच हे वय. त्याहून मला मोलाचे वाटते ते त्यांचे १९३६ सालचे काम. वयाच्या ७८व्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. विद्यापीठाचा संस्थापक पहिलीच्या वर्गासाठी वर्गणी मागत फिरला.

आता ताम्हिणीकडे येऊ. विंझाईचे देऊळ, तिची देवराई, शेकरू, आषाढातला आडवा पाऊस आणि २०१३ साली जाहीर झालेले अभयारण्य, एवढे पुण्याहून येणाऱ्याला दिसते. पण हे रान रिकामे नाही. इथे पगार कुणालाच नव्हता, म्हणून निवृत्तीची तारीखही कुणाला नाही. सत्तरीतली बाई आवणीच्या दिवसांत पिंढरीभर चिखलात वाकलेली असते. वयाच्या ६५ नंतर श्रावणबाळ योजनेतून तिला महिना १५०० रुपये मिळू शकतात, पण उत्पन्नाचा दाखला हवा, वर्षाला हयातीचा दाखला हवा, आणि तहसील कचेरी पौडला. राबून राबून अंगठ्याच्या रेघा झिजलेल्या, मशीन तो अंगठा ओळखत नाही. दर नोव्हेंबरात स्वतःच्या हयातीचा दाखला देणाऱ्या पेन्शनरला हे दुखणे दुसऱ्या कुणी समजावून सांगावे लागू नये. शिवाय कोणत्या टेबलावर कागद अडतो, हे जन्मभर टेबलामागे बसलेल्या माणसाइतके कुणाला कळणार?

याहून मोठे काम वनहक्कांचे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. कागद नसतात तिथे काय करायचे? या कायद्याच्या नियमांनी दावेदाराखेरीज गावातल्या अन्य वृद्धांचा लेखी जबाब पुरावा म्हणून मान्य केला आहे. गुरे कुठल्या वाटेने चरायला जात, हिरडा कुठून गोळा होई, पाणवठा कोणता, देवराईची हद्द कोणत्या ओढ्यापर्यंत, हे सारे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे आणि त्यांच्याबरोबर जाते आहे. आठवण गावातल्या म्हाताऱ्याची आणि ती टिपणारा हात शहरातून आलेल्या म्हाताऱ्याचा, असा योग जुळवण्याजोगा आहे. याला पैसा फार लागत नाही. वेळ लागतो, आणि तो नोकरदार तरुणाकडे नसतो.

पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी वा. द. वर्तकांबरोबर सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला तो १९७०च्या दशकात, ऐन उमेदीत. पश्चिम घाटाचा अहवाल मात्र त्यांनी २०११ साली, निवृत्तीनंतर दिला, आणि त्यात निर्णय ग्रामसभांपर्यंत न्यावा असा आग्रह धरला. त्यावर वाद झाले, पुढेही होतील. ते काम करताना त्यांनी वयाची सबब सांगितली नाही.

राहिला लुडबुडीचा आक्षेप: शहरातून आलेल्याने गावाच्या कामात नाक खुपसू नये, असे कुणी म्हणेल. मुळशीला तो अधिक लागू पडतो, कारण या खोऱ्याने शहराचे दोन्ही चेहरे पाहिले आहेत. १९२१ च्या रामनवमीला धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांसारखी माणसे बाहेरूनच आली आणि मावळ्यांबरोबर तुरुंगात गेली. पण पुष्कळ जमिनींचे कागद पुण्यातल्या सावकारांकडे होते, आणि त्यांनी नुकसानभरपाई पत्करली. म्हणून इथे घर बांधणाऱ्याने कुंपण घालण्याआधी गुरांची वाट आणि ओढा कुठून जातो ते विचारावे. अध्यक्षपद घेऊ नये, सल्ल्याने सुरुवात करू नये. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतात. तिथे सरपंचांना विचारून मागे बसावे आणि वनहक्क समितीला जबाब लिहून घ्यायला माणूस हवा आहे का, एवढेच विचारावे.