यंत्राच्या कोठारांतील आवृत्त्या

गडबसारख्या गांवांत राहणाऱ्या निवृत्त मास्तरानें महासंगणकाविषयीं बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. परंतु आमची भातशेती खाडीकांठची. पेरणी आज करावी कीं चार दिवस थांबावें, हें आतां आम्हीही पावसाचा अंदाज पाहून ठरवितों. आणि त्या अंदाजामागचें पुष्कळसें गणित पुण्यास पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या महासंगणकावर होतें. तेव्हां हा विषय अगदींच परका नाहीं.

प्रथम वर्गांतली एक गोष्ट सांगतों. एका वर्षीं अंकगणिताच्या पुस्तकाची नवी आवृत्ति निघाली. निम्म्या मुलांजवळ थोरल्या भावंडांचीं जुनीं पुस्तकें, निम्म्यांजवळ नवीं. ‘पान ४२, उदाहरण पांचवें’ असें मीं सांगितलें आणि उत्तरें दोन प्रकारचीं आलीं. तासभर मी मुलांवर रागावलों. चूक त्यांची नव्हतीच.

पुण्यास १९८८ सालीं सी-डॅक ही संस्था स्थापन झाली व डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं तेथें ‘परम ८०००’ सिद्ध झाला. पुढें पाषाणला २०१८ सालीं ‘प्रत्यूष’ आणि २०२४ सालीं ‘अर्क’ आला. अर्काची शक्ति ११.७७ पेटाफ्लॉप, म्हणजे एका सेकंदांत सुमारें १ कोटी १८ लाख अब्ज आकडेमोडी! असा महासंगणक म्हणजे शेंकडों-हजारों यंत्रांचा जोडलेला समूह. त्याचें कोठार सामाईक, आणि वापरणारे अनेक. एकाला जुना फोरट्रान अनुवादक हवा, दुसऱ्याला अगदीं नवा. जुना काढून नवा ठेवावा, तर एकाचें काम होतें आणि दुसऱ्याचें मोडतें.

योगायोग असा, कीं परमच्याच सालीं, १९९१ मध्यें, जॉन फर्लानी यांनीं अमेरिकेंत यावरचा उपाय एका निबंधांत मांडला. त्याचें नांव ‘मॉड्यूल्स’. युक्ति साधी आहे. मागितलेली वस्तु प्रथम कोणत्या कपाटांत शोधावी, याची एक यादी यंत्राजवळ असते. मॉड्यूल कोठारांतील कांहींच हलवीत नाहीं. फक्त तुमच्यापुरती ती यादी बदलतें. शेजाऱ्याची यादी जशीच्या तशी राहते.

पण कपाटें भरावयाचीं कोणी? त्यासाठीं बेल्जममधील गेंट विद्यापीठानें ‘ईझीबिल्ड’ केलें, तें २०१२ सालीं सर्वांस खुलें झालें. अमेरिकेंतील लिव्हरमोर प्रयोगशाळेंत ‘स्पॅक’ निघालें. स्पॅक प्रत्येक वस्तूला एक खूण देतें. ती खूण आवृत्ति, अनुवादक व पोटांतील इतर साहित्य यांवरून काढलेली असल्यामुळें दोन वेगळ्या घडणींची गल्लत होत नाहीं. अलीकडे सगळें सामान एकाच बंद पेटींत भरून नेण्याचीही रीत आहे. ती सोयीची खरी. तरी आंत काय आहे हें न पाहतां पेटी उचलणें मला रुचत नाहीं.

इतका काटेकोरपणा कशासाठीं? १९६१ सालीं एडवर्ड लोरेन्झ यांनीं हवामानाचें गणित पुन्हां चालवितांना ०.५०६१२७ ऐवजीं ०.५०६ घातलें, आणि कांहीं काळानें दोन हवामानें एकमेकांस ओळखेनाशीं झालीं. अनुवादक बदलला तर बेरजेचा क्रम बदलूं शकतो, आणि शेवटचा अंक हलतो. आपल्या जिल्ह्यानें हा प्रकार पूर्वींच पाहिला आहे. मुरुडजवळच्या नांदगांवच्या गणेश दैवज्ञांचें ‘ग्रहलाघव’ पंचांगांना शतकानुशतकें आधार होतें. ग्रह व गणित यांत अंतर पडूं लागल्यावर अलिबागजवळच्या नागांवचे केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६५ पासून नव्या गणिताचें पटवर्धनी पंचांग काढलें.

माझा भाचा एका संस्थेंत संशोधन करतो. तीन वर्षांपूर्वींचें आपलेंच गणित तो पुन्हां करूं गेला आणि आंकडे जुळेनात. मध्यंतरीं जुनीं मॉड्यूलें काढून टाकलेलीं, आणि त्या वेळीं कोणतीं घेतलीं होतीं याची नोंद त्यानें केलेली नव्हती. चार महिने त्यांतच गेले. आतां तो प्रत्येक निकालासोबत ‘मॉड्यूल लिस्ट’ ही आज्ञा देऊन मिळालेली यादी जपतो. त्याला मीं त्या वर्गाची हकीकत सांगितली. दुसऱ्या दिवसापासून मी फळ्यावर पानाच्या आंकड्याआधीं आवृत्तीचें साल लिहूं लागलों होतों.