रक्तार्बुदावरील मुखसेव्य औषधे : वेळ व मात्राविभागणी

रक्तार्बुदावरील मुखसेव्य औषधे : अस्थिमज्जेत अपक्व किंवा विकृत श्वेत कोशिकांची अनिर्बंध वाढ होऊन त्या रक्तात पसरतात, या विकारास रक्तार्बुद, ल्युकेमिया किंवा व्यवहारात रक्ताचा कर्करोग म्हणतात. याच्या काही प्रकारांत औषधाचा मोठा भाग रुग्णास घरी, तोंडावाटे व दीर्घकाळ घ्यावा लागतो. दिवसाची मात्रा एकदम द्यावी की विभागून, सकाळी द्यावी की रात्री, उपाशीपोटी द्यावी की अन्नाबरोबर, हे प्रश्न वरवर किरकोळ दिसतात. तथापि त्यांच्या उत्तरांवर औषधाची रक्तातील पातळी, विषारी परिणामांची तीव्रता आणि रोग पुन्हा उद्‌भवण्याची शक्यता अवलंबून असू शकते. या संबंधीचे नियम दीड शतकाच्या अनुभवातून घडत गेले असून त्यांपैकी काही पुढील संशोधनाने बदलले आहेत.

प्रारंभीचे उपचार : जर्मन शास्त्रज्ञ रूडोल्फ फिरखो (१८२१–१९०२) यांनी १८४५ मध्ये या रोगाचे वर्णन केले व १८४७ मध्ये त्यास ल्युकेमिया हे नाव दिले. त्यावरील पहिले परिणामकारक मुखसेव्य औषध म्हणजे ‘फौलर विद्राव’ होय. टॉमस फौलर या इंग्रज वैद्याने १७८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या विद्रावात सुमारे १ टक्का पोटॅशियम आर्सेनाइट असे. १८६५ मध्ये लिसाउअर या जर्मन वैद्याने तो रक्तार्बुदाच्या रुग्णास दिल्यावर रोग काही काळ आटोक्यात आल्याचे नमूद केले. हे औषध थेंबांनी मोजून, पाण्यात मिसळून, दिवसातून बहुधा तीन वेळा जेवणानंतर देत. विषबाधेची लक्षणे दिसू लागेपर्यंत थेंब हळूहळू वाढवीत व नंतर कमी करीत. मात्रा विभागण्यामागे एकच हेतू होता : सोमलाचा दाह जठराला सोसवावा. औषध शरीरात किती काळ टिकते, हे मोजण्याचे साधन त्या वेळी नव्हते.

मर्कॅप्टोप्युरीन : बालकांतील तीव्र लसीका-कोशिकी रक्तार्बुदात तात्पुरती रोगमुक्ती घडवून आणता येते, हे अमेरिकन वैद्य सिडनी फार्बर (१९०३–७३) यांनी १९४८ मध्ये ॲमिनोप्टेरीन या औषधाने दाखवून दिले. यानंतर गर्ट्रूड एलियन (१९१८–९९) व जॉर्ज हिचिंग्ज (१९०५–९८) यांनी ६-मर्कॅप्टोप्युरीन हे औषध तयार केले व १९५३ मध्ये अमेरिकेत त्याच्या वापरास मान्यता मिळाली. हे दोघे १९८८ च्या वैद्यक विषयाच्या नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी होते. १९६० नंतरच्या दशकात अनेक औषधांची जोड देऊन रोग आटोक्यात आणणे व नंतर दोन-तीन वर्षे दररोज मर्कॅप्टोप्युरीन व आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट देणे, ही पद्धत रूढ होत गेली. या दीर्घ टप्प्यास अनुरक्षण उपचार म्हणतात. बालक खेळू-बागडू लागलेले असले, तरी अस्थिमज्जेत दडलेल्या रोगकोशिका याच काळात नष्ट व्हावयाच्या असतात.

दोन औषधांचे वेळापत्रक भिन्न असण्यास कारणे आहेत. मेथोट्रेक्सेट दररोज थोडे थोडे तोंडाने देण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा मोठ्या मात्रेत टोचून दिल्यास रोगमुक्ती अधिक काळ टिकते, असे १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत आढळले. पुढे आठवड्यातून एकदा देण्याची पद्धत रूढ झाली. ही साप्ताहिक मात्रा चुकून दररोज घेतली गेल्यास ती प्राणघातक ठरू शकते. मर्कॅप्टोप्युरीन रक्तातून काही तासांतच नाहीसे होते. परंतु कोशिकांमध्ये त्यापासून बनणारी थायोग्वानीन न्यूक्लिओटाइडे कित्येक दिवस टिकतात व काही आठवड्यांत साचत जातात. त्यामुळे दिवसाची मात्रा विभागण्याची सहसा गरज पडत नाही; ती एकदाच देतात.

सायंकाळचा नियम : मर्कॅप्टोप्युरिनाचा बराच भाग आतडे व यकृत यांमधील झँथीन ऑक्सिडेज या एंझाइमामुळे निष्क्रिय होतो. तोंडाने घेतलेल्या मात्रेपैकी सरासरी सुमारे १६ टक्केच औषध रक्तात पोहोचते व हे प्रमाण रुग्णागणिक पुष्कळ बदलते, असे १९८३ मध्ये आढळले. गायीच्या दुधातही हे एंझाइम असते. म्हणून औषध दुधाबरोबर देऊ नये, असे सांगण्यात येऊ लागले. १९८५ मध्ये माँट्रिऑल येथील रिव्हार व त्यांच्या सहकाऱ्यांनी ११८ बालकांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. ७८ आठवड्यांहून अधिक काळ रोगमुक्त राहिलेल्या बालकांपैकी सकाळी औषध घेणाऱ्यांत रोग उलटण्याचा धोका सायंकाळी घेणाऱ्यांच्या सु. ४·६ पट होता. किंमत न वाढविता केवळ घड्याळाच्या काट्याने एवढा लाभ होत असेल, तर तो कोणता वैद्य नाकारील? ‘सायंकाळी, उपाशीपोटी, दुधाविना’ हा नियम अनेक देशांत पसरला. १९९७ मधील नॉर्डिक देशांतील अभ्यासानेही त्यास दुजोरा दिला.

हा नियम पाळणे मात्र सोपे नव्हते. रात्रीच्या जेवणानंतर दोन तास थांबावे, तर मूल झोपी जाते. उठवून गोळी द्यावी, तर ते रडते किंवा ओकते. शिवाय या निष्कर्षांत एक उणीव होती : बालकांना सकाळच्या वा सायंकाळच्या गटात यादृच्छिक पद्धतीने विभागलेले नव्हते, त्यामुळे फरकास वेळेखेरीज अन्य कारणही असू शकत होते. २०१४ मध्ये नॉर्डिक देशांतील नव्या उपचारक्रमात औषधाच्या वेळेचा रोग उलटण्याशी संबंध आढळला नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतील ४४१ बालकांच्या अभ्यासातही औषधाची वेळ, अन्न किंवा दूध यांमुळे रोग उलटण्याच्या प्रमाणात फरक पडल्याचे दिसले नाही. याउलट, औषधाची बाटली किती वेळा उघडली हे नोंदणारी इलेक्ट्रॉनीय झाकणे वापरून २०१२ मध्ये असे आढळले होते की, ठरलेल्या मात्रांपैकी ९५ टक्क्यांहून कमी मात्रा घेणाऱ्या बालकांत रोग उलटण्याचा धोका लक्षणीय वाढतो. निर्बंधांमुळे गोळीच चुकत असेल, तर असे निर्बंध सैल करणे हिताचे, असे मत त्यामुळे पुढे आले.

गोळीचे तुकडे : ‘विभागणी’ या शब्दास घरी आणखी एक अर्थ असतो. मर्कॅप्टोप्युरिनाची प्रचलित गोळी ५० मिग्रॅ.ची असते; मात्रा मात्र शरीराच्या पृष्ठफळानुसार ठरते. काही उपचारक्रमांतील प्रतिदिनी प्रति चौ. मी. ७५ मिग्रॅ. हे प्रमाण घेतल्यास ०·५ चौ. मी. पृष्ठफळाच्या बालकास ३७·५ मिग्रॅ., म्हणजे पाऊण गोळी लागते. पाऊण गोळी अचूक तोडणे कठीण असल्याने आठवड्याची एकूण मात्रा धरून तीन दिवस एक व चार दिवस अर्धी गोळी देतात; ही बेरीज २५० मिग्रॅ. होते व अपेक्षित २६२·५ मिग्रॅ.च्या जवळ येते. तुटलेल्या गोळीची भुकटी हाताळणाऱ्यास अपायकारक असते. या अडचणींवर उपाय म्हणून यूरोपात २०१२ मध्ये व अमेरिकेत २०१४ मध्ये द्रवरूप औषधास मान्यता मिळाली. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या सहभागाने विकसित झालेले असे द्रवरूप औषध २०२५ मध्ये भारतात उपलब्ध झाले.

प्रथिनरोधी औषधे : चिरकारी मज्जाजन्य रक्तार्बुदात एका विकृत प्रथिनाची क्रिया रोखणारे इमॅटिनिब हे औषध २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. त्याचे अर्धायुष्य सु. १८ तास असल्याने ४०० मिग्रॅ.ची नेहमीची मात्रा दिवसातून एकदा, अन्न व भरपूर पाण्याबरोबर देतात, ८०० मिग्रॅ. द्यावयाचे असल्यास ती दोनदा विभागतात. २००६ मध्ये मान्य झालेल्या डॅसॅटिनिबाचे अर्धायुष्य केवळ ३ ते ५ तास असल्याने प्रथिन अखंड रोखण्यासाठी ७० मिग्रॅ. दिवसातून दोनदा देणे तर्कसंगत वाटले. परंतु ६७० रुग्णांवरील चाचणीत १०० मिग्रॅ. एकदाच दिल्यासही परिणाम तितकाच होतो, आणि फुप्फुसावरणात पाणी साचण्याचे प्रमाण घटते, असे दिसून आले. काही तासांचा तीव्र आघातही रोगकोशिका मारण्यास पुरेसा होता व उरलेल्या वेळेत निरोगी कोशिकांना सावरण्यास अवसर मिळत होता, असा याचा अर्थ लावला जातो. निलोटिनिबाची स्थिती उलट आहे. एका वेळी ४०० मिग्रॅ.हून अधिक घेतल्यास शोषण त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून ते दिवसातून दोनदा देतात. त्याचे मूळ कॅप्सूल घेण्यापूर्वी दोन तास व नंतर एक तास अन्न वर्ज्य असते. कारण अन्नामुळे रक्तातील पातळी वाढून हृदयाच्या तालात धोकादायक बिघाड होऊ शकतो.

मात्राविभागणीचा सर्वसाधारण असा एकच नियम नाही, हे या इतिहासावरून स्पष्ट होते. प्रत्येक औषधाचे शोषण, कोशिकांतील टिकाव व विषारीपणा यांवरून त्याचे वेळापत्रक ठरते. एका औषधाचा नियम दुसऱ्यास लावता येत नाही आणि रुग्णाने किंवा पालकांनी तो आपल्या विचाराने बदलू नये. चुकलेली मात्रा भरून काढण्यासाठी पुढील वेळी दुप्पट मात्रा घेणेही धोक्याचे असते. इमॅटिनिब घेणाऱ्या ८७ रुग्णांवरील २०१० च्या लंडनमधील अभ्यासात १० टक्के किंवा त्याहून अधिक मात्रा चुकविणाऱ्यांमध्ये औषधाचा अपेक्षित खोल परिणाम क्वचितच साधला गेला. अनेक वर्षे चालणाऱ्या या उपचारांत वेळेच्या सूक्ष्म भेदांपेक्षा दररोजची न चुकलेली मात्रा अधिक निर्णायक ठरते.