नियमांनीं घडविलेलें यंत्र

यंत्र कारखान्यांत घडतें. परंतु तें कसें घडावें, हें पुष्कळदां नियमांच्या कागदावर आधींच ठरलेलें असतें. मोटारींच्या शर्यतींचा इतिहास हें याचें एक ठळक उदाहरण होय. ‘फॉर्म्युला वन’ या जगप्रसिद्ध शर्यतमालेच्या नांवांतच ही गोष्ट आहे. येथें ‘फॉर्म्युला’ म्हणजे मोटार कशी असावी हें सांगणारा नियम. प्रेक्षकांना मोटारींची शर्यत दिसते. पण तिच्या आधीं नियमकार आणि यंत्रकार यांची एक शर्यत होऊन गेलेली असते. नियमकारानें एक माप बांधून द्यावें आणि यंत्रकारानें त्या मापांतून सुटलेली फट शोधून काढावी, असा हा सामना आहे. टर्बो इंजिनाच्या वाटचालींत तो विशेष स्पष्टपणें दिसतो.

पेट्रोलच्या इंजिनाची शक्ति त्यांत हवा किती शिरते यावर अवलंबून असते. हवा जितकी अधिक, तितकें अधिक इंधन जळतें आणि दट्ट्यावर तितका अधिक जोर पडतो. म्हणून हवा दाबून भरण्याची कल्पना फार लवकर पुढें आली. परंतु हवेचा पंप इंजिनाच्याच दांड्यावरून फिरविला, तर मिळालेल्या शक्तीचा कांहीं भाग तोच खाऊन टाकतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानें १९०५ सालीं एका निराळ्या युक्तीचें पेटंट घेतलें. इंजिनांतून वायां जाणाऱ्या तप्त वायूंनीं एक चक्र फिरवावें, आणि त्याच आंसावर बसविलेल्या दुसऱ्या चक्रानें हवा आंत कोंबावी, अशी ती युक्ति. टर्बो तो हाच. त्याचा एक दोष मात्र कित्येक वर्षें सुटला नाहीं. चालकानें पायाखालची पट्टी दाबली, तरी चक्रानें गति घेईपर्यंत शक्ति हातीं येत नसे.

दाबाच्या हवेचीं इंजिनें शर्यतींत प्रथम आलीं तीं पंपाच्या रूपानें. १९२३ सालीं मोंझा येथें झालेली इटालियन ग्रां प्री ‘फियाट’नें अशा इंजिनाच्या बळावर जिंकली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या नियमानें दोन वाटा मोकळ्या ठेविल्या: पंपाचें इंजिन असेल तर दीड लिटर, साधें असेल तर साडेचार लिटर. नियमानें आकार मोजला. इंधन किती जाळावें याविषयीं मर्यादा घातली नाहीं. परिणाम व्हावयाचा तोच झाला. ‘आल्फा रोमिओ’नें १९५० व १९५१ या दोन्ही वर्षीं आपल्या चालकांना जगज्जेतेपद मिळवून दिलें, आणि तिच्या दीड लिटरच्या इंजिनानें अखेरीस सुमारें ४२५ अश्वशक्तीपर्यंत मजल मारली. परंतु त्याची भूक एवढी मोठी, कीं शर्यत चालू असतां इंधनासाठीं थांबणें भाग पडे. १४ जुलै १९५१ रोजीं सिल्व्हरस्टोन येथें ‘फेरारी’च्या साडेचार लिटरच्या साध्या व तुलनेनें मिताहारी इंजिनानें तिला हरविलें.

१९६६ सालीं साध्या इंजिनास तीन लिटर व दाबाच्या हवेच्या इंजिनास दीड लिटर अशी मर्यादा ठरली. दुसरा पर्याय अकरा वर्षें कागदावरच राहिला. मग जुलै १९७७ मध्यें फ्रान्सच्या ‘रेनो’नें टर्बो बसविलेली पिवळी मोटार सिल्व्हरस्टोनला उतरविली. ती अर्ध्यावरच बंद पडली, आणि पुढेंही तिच्यांतून इतका धूर निघे, कीं थट्टेखोर लोकांनीं तिचें नांव ‘पिवळी किटली’ ठेविलें. पण १ जुलै १९७९ रोजीं दिजों येथें झां-पिएर झाबुई यानें टर्बो मोटारीचा पहिला विजय मिळविला, आणि थट्टा थांबली. १९८३ सालीं ‘बी. एम्. डब्ल्यू.’च्या चार सिलिंडरांच्या टर्बो इंजिनावर नेल्सन पिके जगज्जेता झाला.

यानंतर जुनीच कथा नव्या वेषांत अवतरली. माप आकाराचें होतें, दाबाचें नव्हतें; म्हणून दाब वाढतच गेला. १९८६ च्या सुमारास पात्रता-फेरीपुरतीं अशीं इंजिनें बनूं लागलीं, कीं दीड लिटरच्या देहांतून हजारावर अश्वशक्ति निघे आणि थोड्याच फेऱ्यांत त्यांचें आयुष्य संपे. वेग, धोका आणि खर्च हीं तिन्ही हाताबाहेर जाऊं लागलीं.

नियमकारांनीं तोंवर आपली मोजपट्टी बदलावयास आरंभ केला होता. १९८४ सालीं शर्यतीच्या मध्यें इंधन भरण्यास बंदी झाली आणि एका शर्यतीस २२० लिटर इंधन ठरवून देण्यांत आलें. १९८६ सालीं तें १९५ लिटरवर आलें. आतां अंथरूण पाहून पाय पसरणें प्राप्त झालें. १९८५ सालीं इमोला येथें याचा मासला दिसला. आयर्टन सेना आघाडीवर असतां थोड्याच फेऱ्या उरल्या आणि त्याचें इंधन संपलें. आघाडी योहान्सनकडे गेली, तर त्याचीही टांकी रिकामी झाली. प्रोस्ट पहिला आला, परंतु त्याच्या मोटारीचें वजन नियमापेक्षां कमी भरल्यामुळें विजय एलिओ दे आंजेलिस याच्या पदरीं पडला.

१९८७ सालीं दाबावर चार बारची मर्यादा आली; १९८८ सालीं ती अडीच बार झाली व इंधन १५० लिटर उरलें. टर्बो मरावा हाच हेतु उघड होता. परंतु जपानच्या ‘होंडा’ कारखान्यानें हें बंधन हाच विषय मानला. नियम लिटरांत होता. तेव्हां एका लिटरांत अधिक ऊर्जा मावेल असें टोल्युईनप्रधान जड इंधन निवडलें, आणि तें नीट जळावें म्हणून इंजिनांत जाण्यापूर्वीं तापविण्याची सोय केली. सोळांपैकीं पंधरा शर्यती होंडाचें इंजिन बसविलेल्या ‘मॅक्लारेन’ मोटारींनीं जिंकल्या. १९८९ पासून टर्बोवर पूर्ण बंदी आली. पण शेवटच्या वर्षानें एक धडा मागें ठेविला: आकार मोजला कीं उधळपट्टी वाढते, इंधन मोजलें कीं बुद्धि वाढते.

तो धडा पंचवीस वर्षांनीं नियमांत उतरला. २०१४ सालीं टर्बो परत आला तो १.६ लिटरच्या, सहा सिलिंडरांच्या इंजिनावर. इंधनाची मोजणी आतां लिटरांत नव्हे, तर वजनांत झाली: शर्यतीस १०० किलोग्रॅम, आणि कोणत्याही क्षणीं तासाला १०० किलोग्रॅमहून अधिक प्रवाह नाहीं. जड इंधनाची फट बुजली. अधिक शक्ति हवी असेल, तर त्याच थेंबांतून ती काढणें एवढीच वाट उरली. टर्बोच्या आंसावर एक विद्युत्-यंत्र बसविण्यास परवानगी होती. तें कधीं चक्रास आधींच गति देऊन जुना विलंब नाहींसा करी, तर कधीं वायूंतील उरलेल्या ऊर्जेची वीज करी. ‘मर्सिडीज’च्या अभियंत्यांनीं हवेचें चक्र इंजिनाच्या पुढें व तप्त वायूंचें मागें ठेवून दोघांच्या मध्यें हें यंत्र बसविलें, आणि त्या वर्षींच्या एकोणीसांपैकीं सोळा शर्यती जिंकल्या. २०१७ सालीं त्यांच्या इंजिनानें प्रयोगशाळेंत इंधनांतील निम्म्याहून अधिक ऊर्जेचें काम करून दाखविलें. प्रेक्षकांनीं तक्रार केली ती आवाज मंदावल्याची! परंतु तो गडगडाट म्हणजे वायां जाणारी ऊर्जाच होती.

२०२६ च्या हंगामापासून माप आणखी सूक्ष्म झालें आहे. इंधनाचें वजनही न पाहतां त्यांतील ऊर्जाच मोजावयाची, तासाला ३,००० मेगाज्यूल; आणि इंधनही शाश्वत स्रोतांतून बनविलेलें हवें. चाकांना जोडलेल्या विद्युत्-यंत्राची शक्ति १२० वरून ३५० किलोवॅटवर गेली. मात्र टर्बोच्या आंसावरील तें अद्भुत यंत्र नियमांतून काढून टाकलें. कारण तें महाग व किचकट, आणि नव्या कारखान्यांना दारांतच अडविणारें. ‘औडी’ आली, आणि ज्या ‘रेनो’नें १९७७ सालीं हा मार्ग उघडला, तिनें २०२५ च्या अखेरीस आपलें इंजिन बंद केलें. चक्रास गति घेण्यास लागणाऱ्या विलंबाशीं यंत्रकारांना पुन्हां झगडावें लागत आहे.

श्रोत्यांच्या मनांत सहज शंका येईल, कीं इतकी कार्यक्षम वस्तु मुद्दाम टाकून देणें ही प्रगति म्हणावी काय? एका बाजूस ज्ञानाची उंची आहे, दुसऱ्या बाजूस त्या उंचीवर किती जणांनीं उभें राहावें हा प्रश्न आहे. एकच कारखाना जिंकूं लागला तर शर्यत उरत नाहीं. आणि सर्वांना सोपें पडेल तेवढेंच मागितलें तर शोध उरत नाहीं. या दोहोंमध्यें तोल राखणें हें नियमकाराचें काम, आणि तें यंत्रकाराच्या कामाहून सोपें नाहीं. लिटर, किलोग्रॅम, मेगाज्यूल अशा क्रमानें मोजपट्टी बदलत गेली, तसें यंत्रही बदलत गेलें. म्हणून एखादें यंत्र असेंच कां, असें विचारावयाचें असेल, तर त्याच्या पोलादाकडे पाहण्यापूर्वीं त्याच्या काळानें काय मोजलें आणि काय मोजावयाचें राहूं दिलें, हें पाहावें.