नगरचा गिलावा

नगर शहराच्या आग्नेयेस, छावणीच्या अंगाला, एके काळी पाण्याने भरलेल्या विस्तीर्ण तलावाच्या मध्यभागी फराहबागेचा अष्टकोनी दुमजली महाल उभा आहे. मुर्तजा निजामशहाच्या कारकिर्दीत, १५८३ च्या सुमारास, त्याचा कारभारी सलाबतखान याच्या देखरेखीखाली हे काम पूर्णत्वास गेले असे मानतात. प्रवासी येथे येतात ते मधल्या दिवाणखान्यावरील उत्तुंग घुमट पाहावयास. परंतु ज्याला बांधकामाची थोडीफार गोडी आहे त्याने, माझ्या मते, घुमटाकडे मान वर करण्यापूर्वी भिंतीशी जाऊन उभे राहावे. जेथे गिलावा गळून पडला आहे तेथे भिंतीचा खरा देह उघडा पडतो : बिनघडीव काळे दगड, त्यांचे वेडेवाकडे सांधे, आणि सांध्यांत ठासून भरलेला चुना. तेथून हातभर अंतरावर, गिलावा अद्याप शाबूत आहे तेथे, तीच भिंत निमुळत्या कमानींच्या कोनाड्यांनी इतकी सुबक सजलेली दिसते की, या नितळ कायेच्या आत तो ओबडधोबड दगड आहे यावर सहजासहजी विश्वास बसू नये.

याच शहरात किल्ल्यानजीक दमडी मशीद आहे. ती १५६७ च्या सुमाराची. तिच्या शिल्पींनी दुसरा मार्ग पत्करला आणि दगडच कोरून, घासून, नाजूक वेलबुट्टीने मढवून काढला. पण दख्खनचा काळा पाषाण छिन्नीला दाद देणारा नव्हे, आणि छोट्या मशिदीपुरते जे शक्य झाले ते चोहोबाजूंनी दालने असलेल्या महालाला वेळेच्या व खजिन्याच्या हिशेबाने परवडले नसते. गिलावा हा या अडचणीवरचा तोडगा होता, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही.

निजामशाही दरबाराचे इराणशी घनिष्ठ संबंध होते. शाह ताहिरसारखा विद्वान तिकडूनच आला, आणि त्याच्या प्रभावाने बुऱ्हाण निजामशहाने १५३७ च्या सुमारास शिया पंथ स्वीकारला. वास्तूंचे नमुने आणि नक्षीच्या कल्पनाही त्याच वाटेने आल्या. मात्र इराणातील कारागीर भिंतींवरची नक्षी घडवीत ती प्रामुख्याने जिप्समच्या लेपातून. हे मऊ खनिज थोड्याशा आचेने भाजले की त्यातील बहुतांश पाणी उडून जाते आणि पुन्हा पाणी मिळताच काही मिनिटांत ते घट्ट होते. नगरच्या काळ्या पाषाणात त्याचा साठा नाही. हिंदुस्थानात ते मुख्यतः राजस्थानात सापडते. नगरला मिळाली ती ओढ्यानाल्यांच्या काठी आणि काळ्या मातीत विखुरलेली चुनखडी. आकार इराणी आणि द्रव्य नगरी, अशी ही सांगड होती. आणि तलावात उभ्या राहणाऱ्या महालाच्या दृष्टीने ती हितावहच ठरली, कारण जिप्सम ओलीत टिकत नाही, तर चुनखडीतील चिकणमातीमुळे तिचा चुना दमट जागीही घट्ट धरतो.

या कामात जी चिकाटी लागे तिची कल्पना आज येणे कठीण आहे. चुनखडी भट्टीत प्रखर आचेवर भाजून कळीचा चुना काढावयाचा. तो पाण्यात विरवून दिवसच्या दिवस मुरत ठेवावयाचा. मग वर्तुळाकार चरात दगडी चाक फिरविणाऱ्या बैलांच्या घाणीत वाळू किंवा भाजलेल्या विटांची सुरखी घालून तो लोण्यासारखा होईपर्यंत दळावयाचा. गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी, तागाचे तंतू यांची भर जुने गवंडी आपापल्या अनुभवाने घालीत. गुळाने व बेलाने चिकटपणा येई, तागाने तडे आवरत. पहिला थर जाड व खरबरीत, कारण त्याने दगडाला पकडून ठेवावयाचे, त्यावरचा बारीक, आणि शेवटचा, निवडक शुभ्र चुन्याचा, कागदाहून फारसा जाड नसलेला. हा शेवटचा हात ओला असतानाच थापीने व गुळगुळीत गोट्याने घोटावयाचा, तो इतका की पृष्ठभागावर तकाकी यावी. घोटाईची वेळ साधणे हेच गवंड्याचे खरे कसब : घाई केली तर चुना थापीला चिकटून येतो, उशीर केला तर तो दाद देत नाही. आणि एवढे करूनही काम संपत नाही, कारण चुना हवेतील कर्बवायू शोषून वर्षानुवर्षे हळूहळू पुन्हा पाषाणरूप होत राहतो.

जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतील रयतेच्या वाट्याला हे वैभव आले नाही. माळवदाच्या घरांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, त्यावर भुसा व शेण कालवलेल्या मातीचा लेप आणि सणावारी पांढऱ्या मातीचे पोतेरे. हा हात बहुधा घरच्या स्त्रियांचाच असे आणि दरवर्षी नव्याने द्यावा लागे. त्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही, याची मला खंत वाटते.

सिमेंटने चुन्याला मागे सारले ते विसाव्या शतकाच्या मध्यावर. तरीही सिमेंटच्या खरबरीत गिलाव्यावर नीरूचा, म्हणजे मुरवलेल्या चुन्याचाच, हात फिरविण्याची रीत महाराष्ट्रात पुढे कितीतरी वर्षे टिकली. नीरूची जागा पुढे पीओपीने घेतली, आणि पीओपीच्या मागोमाग जिप्सम बोर्ड आला. त्याचे मूळ अमेरिकेत आहे : ऑगस्टीन सॅकेट याने १८९४ मध्ये कागद आणि जिप्समच्या थरांच्या तक्त्याचे पेटंट घेतले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडील घरबांधणीत त्याचा सर्वत्र प्रसार झाला. नगरच्या सावेडी उपनगरातील एखाद्या नव्या सदनिकेत आज कारागीर पत्र्याच्या चॅनेलचा सांगाडा छताला टांगतात, त्यावर साडेबारा मिलिमीटर जाडीचे तक्ते स्क्रूने बसवितात, आणि तक्त्यांच्या मुद्दाम पातळ ठेवलेल्या कडांच्या खोलगट सांध्यात पट्टी दाबून त्यावर पुट्टीचे हात देतात. वाळल्यावर काचकागदाने घासले की सांधा कोठे होता हे बोटालाही कळू नये. निजामशाहीला जे द्रव्य लाभले नाही ते अशा रीतीने, चार शतकांनंतर, कागदाच्या दोन पदरांत बांधून नगरात येऊन पोहोचले. भिंतीवर दिवसेंदिवस पाणी मारीत बसण्याची गरज त्याने उरत नाही, आणि दुष्काळाशी पिढ्यान्‌पिढ्या गाठ असलेल्या या जिल्ह्यात ही गोष्ट उपेक्षणीय नाही.

या नव्या कारागिरांचे कसब मी कमी लेखीत नाही. सांधा बेमालूम जिरविणे ही त्यांची घोटाईच होय. माझी चिंता आहे ती जुन्या भिंतींविषयी. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचे ठिगळ लावले की आतली ओल बाहेर पडावयाची वाट बंद होते, क्षार साचतात, आणि ठिगळ स्वतःबरोबर शेजारचा शाबूत गिलावाही घेऊन उतरते. जिप्समचा उपायही तेथे चालणार नाही. पावसाळ्याची ओल त्याला सोसवत नाही. फराहबागेसारख्या वास्तूची डागडुजी करावयाची तर चुना भट्टीतून काढून, महिनोन्‌महिने मुरवून, घाणीत दळूनच ती केली पाहिजे, आणि तेवढा अवधी व तेवढा खर्च प्रत्येक अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरला गेला पाहिजे.