नाहाच्या अंगणातली सान्चिन

हिगाओन्ना कानऱ्यो (1853–1915) यांच्याकडे कराटे शिकायला आलेल्या मुलाला ठोसे-लाथांच्या आधी चालायला शिकावं लागे, आणि त्यातच वर्षंच्या वर्षं जात. ओकिनावातल्या नाहा बंदराचा चीनशी जुना व्यापार होता. हिगाओन्ना तरुणपणी समुद्रमार्गे चीनमधल्या फुझौला गेले, काही वर्षं तिथे शिकले आणि परतल्यावर त्यांनी जे शिकवलं त्याच्या मुळाशी सान्चिन हा काता, म्हणजे ठरावीक हालचालींचा क्रम, होता. मन, श्वास आणि शरीर एकत्र आणण्याची भाषा आज कराटेच्या बहुतेक वर्गांत ऐकू येते. नाहात ते काम प्रत्यक्ष कसं करून घेत, हे या एका कातात स्वच्छ दिसतं.

नवख्या माणसाला त्यात पाहण्याजोगं फारसं सापडत नाही. पाय खांद्यांइतके फाकलेले, पावलं किंचित आत वळलेली, गुडघे जरा वाकलेले. पाऊल अर्धगोलात पुढे सरकवायचं, नाकाने घेतलेला श्वास बेंबीखाली उतरवायचा आणि तो सोडता सोडता मूठ सावकाश पुढे न्यायची. पण हे सगळं एकाच वेळी सांभाळताना खांदे नकळत वर चढतात, श्वास छातीतच अडकतो. लक्ष जरा ढळलं की ते लगेच अंगावर दिसतं. म्हणून विद्यार्थी उघड्या अंगाने उभा राही. गुरू त्याच्याभोवती फिरून खांदे, पोट, मांड्या तळहाताने ठोकून पाहत. या तपासणीला शिमे म्हणतात. मन ठिकाणावर आहे का, हे विद्यार्थ्याला विचारावंच लागत नसे.

शेजारच्या शुरी शहरात गोष्टी वेगळ्या दिशेने गेल्या.

तिथले इतोसु आन्को (1831–1915) यांनी 20 व्या शतकाच्या आरंभी कराटे शाळेत नेलं, पिनान हे पाच काता रूढ केले आणि 1908 मध्ये कराटेचे फायदे दहा मुद्द्यांत मांडणारं पत्र लिहिलं. त्यांच्यामुळेच ही कला मोजक्या घरांबाहेर पडली. तिच्या प्रसाराचं मोठं श्रेय त्यांचंच. मात्र ओळीत उभ्या, हुकमावर हात हलवणाऱ्या मुलांपैकी प्रत्येकाचा श्वास तपासणं कोणत्या मास्तरांना जमणार? कराटे जगभर पोहोचलं ते बरंचसं या कवायतीच्या रूपात, आणि शिमेचा हात वाटेत मागे राहिला. ही हानी लहान नाही.

हिगाओन्नांचे शिष्य मियागी चोजुन (1888–1953) यांनी दोन्ही बाजू सांभाळल्या. 1940 मध्ये त्यांनी नवशिक्यांसाठी गेकिसाई हे सोपे काता रचले, तरी त्यांच्या गोजु-ऱ्यू शैलीचा पाया सान्चिनच राहिला. 1945 च्या ओकिनावाच्या लढाईत त्यांनी पोटची मुलं आणि शिन्झातो जिनआन हा पट्टशिष्य गमावला. त्यानंतरही नाहाच्या त्सुबोया भागात, स्वतःच्या घराच्या अंगणात, ते शिकवत राहिले.

फुझौहून ओकिनावात आलेली आणखी एक परंपरा नाकाइमा घराण्याची, र्‍युएई-ऱ्यू. तिच्यातही सान्चिन आहे. काही पिढ्या ती घराबाहेर शिकवली जात नव्हती. 20 व्या शतकाच्या उत्तरार्धात नाकाइमा केन्को यांनी ती इतरांना खुली केली. याच शैलीत घडलेल्या कियुना ऱ्यो यांनी ऑगस्ट 2021 मध्ये तोक्योच्या निप्पोन बुदोकानमध्ये काता प्रकारात ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलं आणि दिवंगत आईचा फोटो हाती घेऊन ते विजयमंचावर उभे राहिले.