बंद केलेले दार

नवव्या शतकाच्या मध्याला बगदादमधील एका बापाने आपल्या आणि मुलाच्या घरामधले दार बंद करून टाकले. वाद इस्टेटीचा नव्हता. मुलाने स्वीकारलेल्या पैशाचा होता.

बाप म्हणजे इमाम अहमद इब्न हनबल (780–855). 833 मध्ये खलिफा अल-मामूनने 'कुराण निर्मित आहे' हे मत धर्मपंडितांवर लादले. ते नाकारल्याबद्दल अहमद यांनी तुरुंग भोगला, अल-मुअतसिमच्या कारकिर्दीत फटके खाल्ले. 847 मध्ये गादीवर आलेल्या अल-मुतवक्किलने हे धोरण फिरवले आणि त्यांच्यापुढे देणग्या ठेवल्या. अहमद यांनी त्या नाकारल्या; सालिह व अब्दुल्ला या मुलांनी मात्र दरबारचे वेतन घेतले. वडिलांनी त्यांच्या घरचे अन्न सोडले. सालिहच्या तंदूरमध्ये भाजलेली भाकरीही त्यांनी परत पाठवली, असे सांगतात.

येथे दोन आज्ञा समोरासमोर उभ्या राहतात : हराम कमाई टाळा, आणि नाते तोडू नका. शिर्ककडे ओढणाऱ्या आईबापांचे त्या बाबतीत ऐकू नये, पण संसारात त्यांच्याशी भलेपणानेच वागावे, असे कुराण (31:15) सांगते. व्याज खाणाऱ्या शेजाऱ्याचे आमंत्रण स्वीकारावे का, या प्रश्नावर इब्न मसऊद यांनी जेवायला जाण्याची मुभा दिली. पापाचा भार कमावणाऱ्याच्या माथी, असा त्यांचा आशय होता. पुढे अनेक विधिज्ञांनी भेद केला : चोरलेली वस्तू कोणाच्याच हाती वैध होत नाही, गैरमार्गाच्या कमाईचा दोष मात्र कमावणाऱ्यापुरता राहतो. गझाली (1058–1111) तर आईबाप दुखावणार असतील तर संशयास्पद अन्नही थोडे खावे, लहान घास घेऊन सावकाश चावावे, असा सल्ला देतात.

मग अहमद यांचे बंद दार निष्ठुर म्हणायचे का? तसे म्हणवत नाही. त्यांनी नाकारले ते अन्न. मुलगे नाकारले नाहीत. दाराची ती हकीकत आपल्यापर्यंत आली तीही सालिहने लिहिलेल्या वडिलांच्या चरित्रातून. आणि हजारो हदीसांचा 'मुस्नद' पुढच्या पिढ्यांना मिळाला तो अब्दुल्लाच्या हातून. ज्या मुलाच्या घरची भाकरी चालली नाही, त्याच्याच हाती बापाने आयुष्यभराची विद्या सोपवली होती.