टोपलीभर माती कोण उचलणार?

मी रसमड्याहून बोलतोय. दुर्गहून रेल्वेनं राजनांदगावकडे निघालात की हे छोटं स्टेशन लागतं. शेजारी भिलाई. तिथली पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि इथल्या भातशेतीला लोखंडाचा शेजार मिळाला. आता रसमड्यातही कारखान्यांची धुराडी आहेत.

आज लढाईची गोष्ट नाही. मागच्या भागानंतर एका तरुण श्रोत्यानं विचारलं, "सर, आता यंत्राला सांगितलं की दोन मिनिटांत कथा मिळते. मग माणसानं लिहायचं कशाला?" प्रश्न चेष्टेचा नव्हता, म्हणून उत्तर इतिहासात शोधलं.

सुरुवात छत्तीसगढपासूनच करू. माधवराव सप्रे हे मराठी घरातले. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढलं. पुढे दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणारे ते हेच. १९०१ साली त्यांनी या मासिकात 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा छापली. हिंदीतली पहिली लघुकथा म्हणून अनेक अभ्यासक तिचं नाव घेतात.

कथा दोन पानांचीही नाही. जमीनदाराला वाडा वाढवायचा असतो, मध्ये एका विधवेची झोपडी येते. वकिलांच्या मदतीनं तो ती बळकावतो. म्हातारी एक दिवस येते आणि चुलीसाठी टोपलीभर माती मागते. माती भरते आणि म्हणते, महाराज, जरा हात लावा. जमीनदाराला टोपली उचलत नाही. तेव्हा ती विचारते, एक टोपली पेलवत नाही, मग इथल्या हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा पेलाल?

इथे लेखकानं काय केलं ते बघा. अन्यायावर भाषण दिलं नाही. कागदावरच्या निर्णयाला वजन दिलं, आणि ते निर्णय घेणाऱ्याच्याच हातात ठेवलं. कथेची कारागिरी मला तरी इथेच दिसते.

आता १९७४ सालात येऊ. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक, नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर! स्वतःची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी हे नाव घेतलं होतं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात पाठवली होती. पद्मभूषण मिळून तेव्हा नऊ वर्षं झाली होती. नावामुळे परीक्षकांचं माप झुकू नये, कथा तिच्या गुणावर तोलली जावी, एवढंच त्यांना हवं होतं.

याच नारळीकरांनी पुढे 'वामन परत न आला' ही कादंबरी लिहिली. जुन्या, प्रगत संस्कृतीनं जमिनीत पुरून ठेवलेली माहिती हाती लागते, तिच्या आधारे विचार करणारं यंत्र तयार होतं, आणि ते आपल्यासारखी आणखी यंत्रं घडवू पाहतं. आज वर्तमानपत्रांत रोज ज्याची चर्चा चालते, ती भीती मराठी वाचकाला घरोघरी संगणक येण्याआधीच भेटली होती. बळीराजानं तीन पावलं जमीन दिली तेव्हा पाऊल केवढं असेल हे विचारलं नव्हतं. कादंबरीच्या नावातच हा इशारा आहे.

आता माझी गोष्ट. गेल्या वर्षी आमच्या पलटणीच्या स्मरणिकेसाठी एका शहीद जवानावर लिहायचं होतं. मुदत जवळ आली, सुचेना. नातवानं फोनवरच्या यंत्राला चार ओळींत माहिती दिली. लगेच लेख तयार. मराठी माझ्यापेक्षा गुळगुळीत. त्यात आई डोळे पुसते आणि अभिमानानं म्हणते, दुसरा मुलगाही देशाला देईन.

मी त्या आईसमोर बसलो होतो. ती रडली नव्हती. तिनं मला विचारलं होतं, "साहेब, पगार किती तारखेपर्यंत धरणार?" धाकट्याची फी भरायची होती. मी तेव्हा तरुण होतो, मला ते ऐकवलं नाही. तिच्या दुःखाची खोली कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

यंत्राचा लेख वाईट नव्हता. वाचणारे हळहळलेही असते. पण खाली माझं नाव गेलं असतं, आणि त्या माउलीनं विचारलं असतं, "मी असं कधी म्हणाले?" तर ती टोपली मला उचलली नसती. यंत्राला तर कुणी उचलायला सांगणारच नाही.

नारळीकरांनी नाव लपवलं, पण कथा त्यांची होती, आणि विचारल्यावर पुढे होऊन 'मी लिहिली' म्हणता आलं. आज नाव आपलं आणि कथा दुसऱ्याची, असा उलटा व्यवहार होऊ लागला आहे.

मी यंत्राच्या विरोधात नाही. शुद्धलेखन तपासायला, जुने हिंदी कागद समजून घ्यायला मीही ते वापरतो. फौजेतही नवं हत्यार आलं की आम्ही ते शिकायचो. पण घोडा ओढल्यावर 'बंदुकीनं केलं' असं सांगायची सोय तिथे नव्हती. उद्या निशाण्याची निवडही यंत्र करू लागेल, तेव्हा हाच प्रश्न शंभरपट जड होईल.

म्हणून त्या तरुण मित्राला माझं उत्तर असं: यंत्राची मदत जरूर घे, पण ज्या वाक्याबद्दल कुणी दारात येऊन जाब विचारला तर उभं राहता येईल, तेच आपल्या नावानं छाप.

स्मरणिकेत शेवटी मी दीडच पान लिहिलं. पगाराचा प्रश्न त्यात ठेवला. छापण्याआधी धाकट्या भावाला वाचून दाखवला. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "हो, आई असंच बोलायची."

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.